दोन डाव्या बाह्या

“माप माणसाचं घ्यायचं असतं. मापासाठी माणूस कापायचा नसतो.”

टाचणीमावशी हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. कोट छातीत घट्ट झाला म्हणून गिऱ्हाईक बिचारं श्वास रोखून उभं राहिलं, तरी म्हणायची. शिवणाऱ्या बायकांपैकी कुणी जेवायची सुट्टी सोडून मशीनवर वाकून राहिली, तरी म्हणायची. ओठांत दोन-तीन टाचण्या धरून बोलायची तिची सवय. त्यामुळे वाक्य दातांच्या फटीतून यायचं आणि येताना थोडं टोचायचंही. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच सुखानं राहत होतं.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका अंगाला ओळीनं खिडक्या, खिडक्यांखाली अठरा मशीनं, मधोमध अकरा मीटर लांबीचं कापायचं टेबल. दाराशी इस्त्रीचा कोपरा. तिथून ओल्या लोकरीचा वास दिवसभर खोलीत हिंडायचा, घरच्या मांजरासारखा, कुणाच्याही पायाशी. वर मालकांची काचेची खोली, तिच्याकडे जाणारा लोखंडी जिना आणि जिन्याखाली अडगळ. टेबलाच्या डोक्याशी मावशीची जागा: एक कॉम्प्युटर, एक लाकडी खुर्ची, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. पाठ, छाती, बाही, कॉलर, खिशाची झडप. काही साच्यांच्या कडा इतक्या वर्षांच्या हाताळणीनं लोण्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

बावीस वर्षांची असताना ती इथं लोंबते दोरे कापायला आली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती कारखान्याची मास्तरीण होती. मधल्या वर्षांत काय काय झालं ते सांगायला बसलं तर कोट शिवून होईल, गिऱ्हाईक घालून जाईल आणि झिजवून परत दुरुस्तीला आणेल.

तिचं काम बोलायला सोपं होतं. एका कोटाचे सतरा-अठरा तुकडे. ते सगळे कापडावर असे मांडायचे की कापड वाया जाऊ नये, धाग्याची दिशा मोडू नये आणि डाव्याला उजवं मिळावं. कॉम्प्युटरवर मांडणी झाली की लांब कागदावर ती छापली जायची. तो कागद कापडाच्या थरांवर पसरायचा आणि मग कापणारा दादा यंत्राची उभी सुरी चालवायचा. एका कागदावर साठ थर, म्हणजे एका दमात साठ कोट. चूक झाली तर तीही एका दमात साठ.

म्हणून मावशीचा एक नेम होता. कागद टेबलावर पसरला की ती त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत जायची. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत टाचण्या. प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक खुणा असतात. पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला दोन. त्या खुणेवर बोट ठेवायची, टाचणी मारायची, पुढं सरकायची. शेवटच्या तुकड्यावर हात पोचला की टेबलावर थाप मारायची. ती थाप ऐकल्याशिवाय दादानं सुरीचं बटण कधी दाबलं नव्हतं.

कॉम्प्युटर आला तो बारा वर्षांपूर्वी, थोरले मालक होते तेव्हा. कापणारे दोघेतिघे तोंडात रुमाल धरून हसले होते. “मावशी आता खडूनं काचेवर आखणार,” असं कुणीतरी म्हणालं होतं. आणि मावशीनं तेच केलं. तिला त्या पडद्यावरची परकी अक्षरं वाचता येत नव्हती. पण जागा वाचता येत होत्या. डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर फाइलींची पेटी. तिथून वीतभर उजवीकडे कागद छापायचं चित्र. उंदराचं उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते, तिच्यात खालून तिसरी ओळ म्हणजे जोडी: एक बाही मांडली की तिची उलटी बाही शेजारी येऊन पडते, आरशातून बाहेर पडावी तशी. पडद्याच्या चौकटीला तिनं कापडाचे बारीक तुकडे डिंकानं चिकटवले होते. फाइलींच्या खाली निळा, छपाईच्या खाली तपकिरी, आणि जिथं कधी म्हणजे कधीच दाबायचं नाही तिथं लाल. निळा तुकडा तिनं एकटीनं मांडलेल्या पहिल्या कोटाचा होता. तपकिरी तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या कोटाचा.

तीन महिन्यांत तिचा हात असा बसला की पडद्याकडे न बघता ती इस्त्रीकाकांशी भांडत भांडत मांडणी करायची. थोरले मालक जाता जाता म्हणायचे, “मावशी, तुम्ही याला शिकवलंत की यानं तुम्हाला?” मावशी म्हणायची, “आम्ही एकमेकांच्या मापाचे झालो.”

पुढं तो पहिला कॉम्प्युटर जाऊन दुसरा आला, पण आतली मांडामांड तीच राहिली, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. थोरले मालक गेले. धाकटे मालक काचेच्या खोलीत बसू लागले.

मग एका बुधवारी सकाळी मावशी आली, तर तिच्या खुर्चीवर कॉम्प्युटरवाला बसला होता.

“झालं बघा आजी. यंत्र तेच, आतलं सगळं नवं टाकलं. कसा लख्ख दिसतोय!”

“आजी तुझ्या घरी. इथं मावशी.” तिनं पिशवी खाली ठेवली आणि ती तशीच थांबली. “माझे तुकडे कुठं गेले?”

“ती ठिगळं होय? खरवडून काढली. डिंक तरी किती! माझी नखं दुखली.”

मावशीनं तळहात पुढं केला. त्यानं कचऱ्याच्या डब्यातून चार-पाच तुकडे वेचले आणि तिच्या हातावर ठेवले. तिनं ते झटकले, टाचण्यांच्या डबीत ठेवले, डबी झाकली.

“काय बिघडलं होतं जुन्यात?”

“बिघडलं काही नव्हतं, मावशी. जुनं झालं होतं. वरून आता त्याला कुणी सांभाळणार नाही.”

“वरून म्हणजे कुठून?”

त्यानं बोट वर केलं. इस्त्रीकाकांनी मान उंच करून पाहिलं. वर पंखा होता.

“सवय होईल हो,” तो सामान आवरत म्हणाला.

“सवय होतीच की. तीच तर काढून नेलीस.”

तो गेला आणि मावशीचा वनवास सुरू झाला. डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसलेली चित्रं उठून तळाशी मधोमध येऊन बसली होती, शाळेच्या फोटोला बसावं तशी. चार बोटांवर आता काहीच नव्हतं. फाइलींची पेटी होती तिथून हलून कुठल्याशा ढगात गेली होती. बाजूची सरकपट्टी दिसायचीच नाही. जवळ गेलं की बाहेर यायची, सोडलं की पळून जायची. सकाळी सकाळी यंत्र सहा आकडी नंबर मागायचं, जणू तीच परकी आणि ते घरचं. आणि काम ऐन रंगात आलं की उजव्या कोपऱ्यातून एक चिठ्ठी सरकत यायची. त्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या बाईनं ती वाचून दाखवली.

“मावशी, ते म्हणतंय बाहेर ऊन आहे.”

“खिडकी आहे मला!” मावशी पडद्यावर ओरडली.

अठरा मशीनं हसली. मावशी हसली नाही. तिला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. पूर्वी तुकड्यांच्या रेषा काळ्याभोर होत्या. आता पांढऱ्यावर फिकट राखाडी. कडेच्या खुणा तर अशा पुसट, जशी धुऊन धुऊन विटलेल्या कापडावरची खडूची रेघ. ती वर काचेच्या खोलीत गेली.

“धाकटे मालक, रेषा दिसत नाहीत मला.”

“डोळे तपासून घ्या ना मावशी. मी पैसे देतो.”

“माझ्या डोळ्यांना कालपर्यंत दिसत होतं.”

“नव्याचे नऊ दिवस असतात. दहाव्या दिवशी तुम्हीच म्हणाल, हेच बरं.”

“नवलाई नऊ दिवस असते, मालक. हा त्रास आहे.”

ते हसले आणि फोन घेतला. बोलणं तिथंच संपलं.

गुरुवारी बसचालकांच्या कोटांचं काम होतं. साठ कोट, गडद निळे. सगळं कापड एकाच वेळी रंगवलेलं. त्याच्याशी जुळणारा दुसरा तागा गावात मिळणं कठीण, कारण रंगाची एक खेप दुसरीसारखी कधीच उतरत नाही. मावशीनं सकाळपासून मांडणीला हात घातला. पाठ मांडली, छाती मांडली. एक बाही मांडली, उजवं बटण दाबलं, यादी उघडली, आणि बोट बारा वर्षांच्या सवयीनं खालून तिसऱ्या ओळीवर गेलं. शेजारी दुसरी बाही येऊन पडली. ती तिनं फिरवून पाठीच्या वळणात बसवली. फिकट रेषा, पुसट खुणा. तिला वाटलं, कागदावर हाताला कळेलच.

मांडणी संपवून ती छापायला गेली, तर यंत्रानं पुन्हा सहा आकडे मागितले. तिनं टाकले. चुकले म्हणालं. पुन्हा टाकले. ती फोनवर कॉम्प्युटरवाल्याशी भांडत जिन्याच्या आडोशाला उभी राहिली, कारण तिथंच आवाज नीट यायचा. मधल्या वेळात धाकटे मालक स्वतः खाली आले, आकडे टाकले, कागद छापून घेतला आणि टेबलावर पसरायला लावला.

कापणारा दादा म्हणाला, “मावशींचा हात फिरायचाय अजून.”

“आता ते सगळं कॉम्प्युटरच तपासतो, दादा. घ्या कापायला. दोन तास वाचतात.”

दादानं सुरी घेतली. मावशी आडोशातून बाहेर आली तेव्हा सुरी कॉलरपर्यंत पोचली होती. आता थांबवून फायदा नव्हता; ती टेबलाशी उभी राहून बघत राहिली. तिनं टेबलावर थाप मारली नाही, हे त्या दिवशी एकट्या इस्त्रीकाकांच्या लक्षात आलं.

शुक्रवारी दुपारी पहिला कोट उभा राहिला. बाह्या जोडणाऱ्या बाईनं तो हँगरला लावला आणि एक पाऊल मागं सरली. तिनं मान डावीकडं झुकवली. मग उजवीकडं. कोटाचे दोन्ही कोपर एकाच बाजूला वळले होते. दोन्ही हात मिळून कुणालातरी डावीकडची वाट दाखवतायत असा तो कोट लोंबत होता.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “दोन्ही डाव्या आहेत.”

यंत्रं एकेक करून थांबली. इस्त्रीकाका वाफेतून बाहेर आले, कोटाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “या ड्रायव्हरला आता फक्त डावीकडंच वळता येणार.”

कुणी हसलं नाही. मावशी कॉम्प्युटरशी गेली. यादी उघडली, शेजारच्या बाईकडून एकेक ओळ वाचून घेतली. जोडी आता वरून पाचवी होती, ‘आणखी दाखवा’ म्हटल्यावर दिसणारी. खालून तिसरी ओळ होती: जसंच्या तसं आणखी एक. म्हणजे बाहीची उलटी बाही आलीच नव्हती. तीच बाही पुन्हा आली होती. साठ कोट, एकशेवीस डाव्या बाह्या, उजवी एकही नाही.

धाकटे मालक जिना उतरून आले. कोट पाहिला. चेहरा असा झाला की जणू त्यांनाच कुणी तो घालायला लावला आहे.

“हे कसं झालं?”

“चूक माझ्या बोटाची,” मावशी म्हणाली. “ओळ बदललेली मी पाहिली नाही. ते मी कुणावर ढकलणार नाही.” मग तिनं ओठांतल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. बिनटाचण्यांची मावशी बोलणार म्हटल्यावर बायका खुर्च्यांत ताठ झाल्या. “पण बोटाची चूक पकडायला माझा हात होता. तो तुम्ही फिरू दिला नाहीत. ती चूक तुमची.”



“मावशी, आता हे वाद घालून...” त्यांनी कपाळ चोळलं. “माझ्याच्यानं नाही होत असं. कॉम्प्युटरवाल्याकडं शिकलेला ऑपरेटर आहे. सोमवारपासून तो इथं बसेल. तुम्ही काज-बटणाच्या टेबलावर बसा. पगार तोच राहील. तुम्हालाही आराम.”

“आराम मी मागितला नाही.”

“आणि हे साठ कोट?”

“ते उद्या बघू,” मावशी म्हणाली आणि पिशवी उचलली.

घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सून ओट्याशी भाजी चिरत होती. ती विम्याच्या कचेरीत काउंटरवर बसायची; तिच्यापुढंही दिवसभर पडदाच असायचा. मावशीनं सगळं सांगितलं. सांगताना एकदाही आवाज चढला नाही, म्हणून सुनेनं सुरी खाली ठेवली.

“आई, आमच्याकडंही गेल्या महिन्यात हेच झालं. चार दिवस सगळे रडले. मग शिकले. तुम्हाला मी शिकवते ना, एका रविवारात होईल.”

“शिकायला मी कधी भ्याले का गं? अक्षर ओळखत नव्हते, तरी शिकले. सेहेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा तू शाळेच्या निकालाची वाट बघत होतीस.”

“मग?”

“मग एवढंच, की तेव्हा मला कुणीतरी विचारलं होतं. थोरले मालक खुर्ची ओढून शेजारी बसले होते, मावशी, जमेल का म्हणून. आता माझी जागा बदलली ती माझ्या पाठीमागं. माझी ठिगळं खरवडली. आणि वर मलाच म्हणतात, आराम करा.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “तुम्ही चार दिवस रडलात. रडण्यापेक्षा कुणी एकानं वर जाऊन विचारलं का, कशासाठी म्हणून?”

सुनेनं मान हलवली. “कोण विचारणार? एक आमचे हेडक्लार्क तेवढे सुटले. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना, की त्याच्यावर नवं चढतच नाही. ते बसलेत आपले मजेत जुन्यावर. सगळे जळतात त्यांच्यावर.”

“चढतच नाही?”

“नाहीच चढत. जुनाट यंत्र ते, नवं घेतच नाही.”

मावशीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. “आमच्या जिन्याखाली एक पडलाय,” ती म्हणाली. “पहिला. माझा.” मग उठली, हात धुतले, “आण ती भाजी इकडं, किती जाड चिरतेस,” म्हणाली आणि सुरी हातात घेतली.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. काचेच्या खोलीतून धाकटे मालकही सकाळीच फोन करत होते; खाली ऐकू येत होतं. तसं कापड कुठंच नव्हतं. उरलेलं कापड चौदा मीटर, ते आतल्या कॉलरींसाठी, खिशांच्या झडपांसाठी, पट्ट्यांसाठी राखलेलं. कॉम्प्युटरला साठ उजव्या बाह्या मांडायला सांगितल्या तर त्या तेवढं सगळं कापड खात होत्या. वर झडपा आणि कॉलरी धरून आणखी पाच मीटर हवे, असं यंत्र लाल अक्षरांत म्हणत होतं.

“पाच मीटर आणायचे कुठून?” मालक जिन्यावरूनच म्हणाले. “कोट रद्द करायला सांगतो मी त्यांना.”

“खाली या,” मावशी म्हणाली.

तिनं उरलेल्या साठ डाव्या बाह्यांची चळत टेबलावर ठेवली. भिंतीवरून पुठ्ठ्याचे साचे काढले. सगळ्यात वरची बाही सरळ केली, तिच्यावर आतल्या कॉलरीचा साचा ठेवला, शेजारी झडप, तिच्या पोटाशी दुसरी झडप, कडेनं पट्टी. सगळे बसले. बाहीच्या टोकाला दोन बोटं कापड उरलं.

“हे काय केलंत?”

“तुमच्या यंत्राला बाही म्हणजे बाहीच दिसते. मला अजून ते कापड दिसतं.” तिनं खडू घेतला. “लहान तुकडे या चुकलेल्या बाह्यांतून काढायचे. म्हणजे ते चौदा मीटर मोकळे झाले. त्यात साठ उजव्या बाह्या बसतात. रंग तोच, धागा तोच.”

मालकांनी मनातल्या मनात गणित केलं, ओठ हलत होते. कापणारा दादा मात्र हिशेब न करताच सुरीकडं गेला आणि तिला तेल देऊ लागला.

मावशीनं त्या दिवशी पडद्याकडं पाहिलंही नाही. उरलेल्या कापडाचे थर लावले, वरच्या थरावर पुठ्ठ्याची बाही उलटून ठेवली, म्हणजे डावीची उजवी झाली, आणि खडूनं आखत गेली. एक बाही वर, एक खाली, एकीच्या खांद्याची गोलाई दुसरीच्या कोपराच्या खळीत, जशी दोन माणसं एकाच चादरीत झोपतात. गुडघे दुखले की टेबलाला टेकायची, पुन्हा सुरू. दुपारी इस्त्रीकाकांनी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली.

“मास्तरीणबाई, हरलात तर?”

“हरले तर काज करीन. आधी हरू तर द्या.”

आखून झालं. तिनं ओठांत टाचण्या धरल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत गेली. पुढं एक खूण, मागं दोन. पुढं एक, मागं दोन. शेवटच्या बाहीवर हात थांबला. सगळी खोली तिच्या त्या हाताकडं बघत होती. मालकही.

थाप पडली.

दादानं सुरी सुरू केली.

चारच्या सुमाराला पहिला कोट पुन्हा हँगरवर चढला. एक हात डावा, एक उजवा. कोट शहाण्यासारखा समोर बघत लोंबत होता. बाह्या जोडणाऱ्या बाईनं त्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि घाईघाईनं आपल्या मशीनकडं गेली, कारण तिचे डोळे भरले होते आणि ते तिला मावशीला दाखवायचे नव्हते.

धाकट्या मालकांनी कोटाच्या दोन्ही बाह्या हातात धरून पाहिल्या. मग घसा खाकरून म्हणाले, “मावशी, ते ऑपरेटरचं राहू द्या. सोमवारी तुम्हीच बसा. फक्त नवीन तेवढं शिकून घ्या. मी कॉम्प्युटरवाल्याला रोज तासभर पाठवतो.”

बायकांना वाटलं, मिटलं. मावशीनं खडूचे हात झटकले.

“शिकीन. माझ्या सवडीनं, सुनेकडून. पण तोवर मांडणी त्याच्यावर होणार नाही.”

“मग कशावर?”

ती जिन्याखाली गेली. मोडकी खुर्ची बाजूला सारली, जुने पडदे उचलले, मागून कॉम्प्युटरचा एक करड्या रंगाचा डबा ओढून काढला. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

“अहो मावशी, तो भंगारात द्यायचाय! बारा वर्षांचा आहे. त्याच्यावर नवीन काही चढतच नाही.”

“म्हणूनच.”

“तो इंटरनेटला जोडणं धोक्याचं असतं. बाहेरून काहीही येतं आत.”

“मग नका जोडू. मला कुठं जगाशी बोलायचंय? मला कोटाशी बोलायचंय.”

इस्त्रीकाका पाठमोरे झाले. त्यांचे खांदे हलत होते.

“आणि आणखी एक,” मावशी म्हणाली. “कागद कुठल्याही यंत्रातून येऊ दे. माझ्याकडून येवो नाही तर उद्या त्या शिकलेल्या ऑपरेटरकडून येवो. त्याच्यावर मास्तराचा हात फिरल्याशिवाय सुरी चालणार नाही. मी असेन तर माझा, मी नसेन तर जो असेल त्याचा. दादा, ऐकलंत?”

“ऐकलं,” दादा म्हणाला. मालकांकडं न बघता म्हणाला.

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्या कारखान्यासमोर हे चाललं होतं. लहानपणी याच टेबलाखाली ते लपायचे आणि त्यांचा शाळेचा पहिला कोट याच बाईनं मापला होता, वाढत्या अंगाचा म्हणून बाह्या दोन बोटं लांब ठेवून. ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही.

“मावशी,” ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, “मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“मी विचारलंच कुठं?”

एवढं बोलून ती वाकली. डबा उचलला आणि कडेवर घेतला, रडकं पोर घ्यावं तसा, एका हातानं कवळून. दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी. तिच्यात निळा, तपकिरी आणि लाल तुकडा. डबा जड होता. तिनं पाऊल मोजून टाकलं, मग दुसरं. अकरा मीटरच्या टेबलाच्या कडेनं ती निघाली, आपल्या लाकडी खुर्चीच्या दिशेनं. डब्याची काळी वायर मागं फरशीवर घसटत चालली होती आणि तिच्या टोकाची पिन फरशीच्या प्रत्येक सांध्यावर टक् टक् वाजत होती.

अठरा मशीनं थांबली होती. बायका बघत होत्या. कापणारा दादा सुरीवर हात ठेवून बघत होता. इस्त्रीकाकांनी इस्त्री हवेत धरली होती, तिच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ते मावशीकडं बघत नव्हते. ते बघत होते तिच्या मागं. तिथं धाकटे मालक खाली वाकले होते. त्यांनी फरशीवरून वायरचं टोक उचललं, आणि ते हातात धरून, काय करावं न कळल्यासारखे, तिच्यामागून दोन पावलं चालले.

मावशीनं वळून पाहिलं नाही. ती आपली चालत राहिली.